विहिरीचं पाणी जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यात सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या) उतारावर घर. विहीर ३२ फूट खोल, १० फूट रुंद. जुलैत काठोकाठ भरते, मार्च संपता संपता तळ दिसतो. दोनदा खोल करून झाली. शेजारी अडीचशे फूट बोअर मारलं, ते कोरडं गेलं. आता विहिरीभोवती शोषखड्डे काढून पावसाचं पाणी जिरवायचं ठरवलंय, तर खड्डे किती आणि केवढे काढावेत?

एकही नको, निदान इतक्यात तरी नको. कारण तुमच्याच प्रश्नात आहे: विहीर जुलैत काठोकाठ भरते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? शोषखड्ड्यांचा सल्ला घाटावरचा आहे. तिथे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार-सहा सरींत, आणि खालचा काळा दगड पाणी सावकाश पितो. म्हणून पाणी आत घालणं हा तिथला खरा प्रश्न. तुमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. एका गुंठ्यावर तीन लाख लिटर होतात. तुमचं आवार दहा गुंठ्यांचं धरलं तरी तीस लाख. त्यातलं विहिरीला लागतं तेवढं जुलैपर्यंत आपोआप जिरून गेलेलं असतं. म्हणजे पाणी येण्याची तक्रारच नाही. ते ऑक्टोबरपासून रात्रंदिवस निघून जातंय, आणि कुठून जातंय हे अजून कुणी पाहिलेलं नाही. खोल करणं, बोअर, खड्डे या तिन्ही उपायांत नजर विहिरीवरच खिळलेली आहे. ती उचलून खालच्या उताराकडे न्यायला हवी.

जमिनीखाली काय आहे ते आधी पाहू. वर जांभा, म्हणजे तांबडा दगड. तो चाळणीसारखा: भोकं, नळ्या, भेगा. पाणी त्यात झटकन उतरतं. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळ्या चिकट मातीचा थर असतो आणि तिच्याखाली काळा कातळ. ही चिकट माती पाणी खाली सोडत नाही. मग ते तिच्यावरून आडवं सरकत उतारावर पाझर म्हणून बाहेर पडतं, तिथून पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात, आणि पऱ्यातून खाडीत. तुमची विहीर ही पाण्याची टाकी नव्हे. जांभ्यात साठलेलं पाणी किती उरलंय ते दाखवणारी ती एक खिडकी आहे. खिडकी मोठी केली म्हणून बाहेरचा उजेड वाढत नाही.

यावरून आधीचे दोन खर्च का वाया गेले तेही कळतं. बोअरमध्ये वरच्या जांभ्यातून केसिंग पाइप खाली कठीण दगडापर्यंत नेतात, म्हणजे ज्या थरात पाणी आहे तोच थर पाइपाने बंद होतो. खालच्या कातळात भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. खोलीकरणाचं दुखणं वेगळं. चिकट मातीच्या थरापर्यंत गेल्यावर पुढे खणून नवं पाणी फारसं मिळत नाही. उलट माती ढासळते, पाणी गढूळ होतं. त्या मातीतून पार खाली गेलात, किंवा सुरुंग लावलात, तर वर धरून ठेवलेलं पाणी खालच्या भेगांतून निसटायचाही धोका असतो. म्हणून तिसऱ्यांदा खोल करायचा विचार असेल तर आधी तळात काय लागलंय ते पाहा. बोटांनी मळता येणारी पांढरट माती लागली असेल तर पहार खाली ठेवा.

आता कामाचं. पहिलं, नोंद. नायलॉनच्या दोरीला खाली वजन बांधा, दर फुटाला गाठ मारा. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दर रविवारी सकाळी, पंप लावायच्या आधी, त्या खुणेपासून पाणी किती फूट खाली आहे ते कॅलेंडरवर लिहा. ऑक्टोबर ते मे एवढंच करायचं आहे. लोक हे टाळतात, कारण त्यात काही ‘केल्यासारखं’ वाटत नाही. पण पुढचा सगळा निर्णय या आकड्यांवर आहे.

आकडे साधारण तीन प्रकारे बोलतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भराभर उतरलं आणि जानेवारीनंतर उतरण्याचा वेग मंदावला, तर वरच्या सच्छिद्र जांभ्यातून ते उताराकडे गळतंय. अशा विहिरीला बंधाऱ्याचा उपयोग होतो. डिसेंबरपर्यंत बरं राहिलं आणि बागेला पाणी सुरू केल्यावर घसरलं, तर गळतीपेक्षा उपसा मोठा आहे. आणि वर्षानुवर्षं टिकणारी विहीर एखाद्या वर्षापासून अचानक लवकर आटू लागली, तर त्या सुमारास खालच्या अंगाला काय बदललं ते शोधा. कुणी जेसीबी लावून पऱ्या खोल केला का? खाली चिरेखाण निघाली का? रस्त्यासाठी डोंगर कापला का? हे सगळे पाण्याला बाहेर पडायला नवे दरवाजे आहेत. पऱ्याचं ‘खोलीकरण’ तर कोकणात कितीदा पाणी साठवण्याच्या नावाखाली होतं, आणि दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी त्यामुळे लवकर उतरतं.

एक कारण मात्र सहज नजरेतून सुटतं, ते म्हणजे ओस पडलेली भातखाचरं. माणसं मुंबईला गेली, मेरा (खाचरांचे मातीचे बांध) फुटल्या, त्यांची डागडुजी राहिली. पूर्वी खाचरांत पाणी पायऱ्यापायऱ्यांनी थांबत खाली जायचं. आता ते फुटक्या मेरेतून एकाच जागी सुटतं, ओघळ पडते आणि पऱ्याचा तळ दर पावसाळ्यात थोडा खाली कापत जातो. पऱ्याचा तळ खाली गेला की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणीही त्या पातळीपर्यंत उतरतं. विहिरीचा आणि दोनशे फुटांवरच्या पडीक खाचराचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. पण खाचर दुसऱ्याच्या नावावर असलं तरी पाणी सातबारा बघून वाहत नाही. मे महिन्यात अशा दोन-चार मेरा चिकणमातीने बांधून घेणं हे कोणत्याही सिमेंटच्या कामापेक्षा स्वस्त पडतं. भात कापायला खाचर कोरडं करावं लागतं हे खरं, पण कापणी झाली की फोडलेली मेर परत बुजवा. पऱ्याचं पाणी पाटाने आत घेतलंत तर खाचरात ओल टिकते. मग त्यात कुळीथ, पावटा काय हवं ते घ्या.

तुमच्या तालुक्यातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडेही मागून पाहा. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये ते मोजतात. सगळ्या तालुक्याचीच पातळी उतरली असेल तर त्या वर्षीचा पाऊस लवकर थांबला म्हणायचं. त्या विहिरी नेहमीसारख्या आणि तुमचीच खाली, तर कारण तुमच्या उतारावर आहे.

दुसरं, उपसा-चाचणी. पंप लावून पाणी तीन फूट खाली आणा, पंप बंद करा आणि दर तासाला दोरी सोडा. दहा फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. समजा मार्चमध्ये आठ तासांत एकच फूट चढलं, तरी दिवसाला सहा हजार लिटरच्या वर पाणी येतंय. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटरने २७५ लिटर पुरतात. वीस माडांना प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे आणखी ८००. तरी विहीर आटली असं का वाटतं? कारण एक अश्वशक्तीचा पंप तासाला चार-पाच हजार लिटर ओढतो. सकाळी अर्ध्या तासात तळ दिसतो आणि घरात ‘विहीर संपली’ अशी हाकाटी होते. खरं तर झऱ्याचा वेग आणि पंपाचा वेग जुळत नाहीत, एवढंच. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, वर दोन हजार लिटरची टाकी आणि टायमरवर दर तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं उपसा. पुष्कळ ‘आटलेल्या’ विहिरींचा प्रश्न इथेच मिटतो आणि पुढचं काही करावं लागत नाही. फूट-व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) मात्र तळापासून किमान एक फूट वर ठेवा. गाळ ओढला की पंपही जातो आणि झऱ्याचं तोंडही बुजतं.

तिसरं, उतारावरची फेरी. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरअखेर, विहिरीपासून खाली चालत जा. जिथे कोरड्या जागी हिरवं गवत, नेचे, शेवाळ दिसेल, पायाखाली पचपच लागेल, तिथे पाझर आहे. त्याच्यापुढे चिखलाचा छोटा बांध घाला, तीन इंची पाइपाचा तुकडा बसवा आणि खाली १५ लिटरची बादली लावा. बादली अर्ध्या मिनिटात भरली तर दिवसाला ४३ हजार लिटर चाललंय. एका वाडीखाली असे तीन-चार पाझर असणं नवलाचं नाही. हा आकडा वाडीच्या बैठकीत सांगा. श्रमदानाला माणसं गोळा करायला याहून चांगलं भाषण नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पातळी. पऱ्या अडवला तर पाणी विहिरीला मिळेल की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, उतार फसवतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, १५-२० मीटर लांब. पाण्याने भरा, बुडबुडे पूर्ण घालवा. एक जण विहिरीच्या खुणेपाशी, दुसरा उतारावर. दोन्ही टोकांचं पाणी कुठे आहे ते काठीवर मोजा, फरक लिहा, मग पुढचा टप्पा. असं पऱ्याच्या तळापर्यंत जा. वेगळ्या वाटेने मोजत परत या. बेरीज शून्याला यायला हवी. दोन-तीन बोटांचा फरक चालेल.

आता हिशोब बघा. विहिरीची खूण शून्य, तळ ३२ फूट खाली. समजा पऱ्याचा तळ २६ फूट खाली निघाला. तीन फुटांचा बंधारा घातलात तर तिथलं पाणी २३ फुटांवर उभं राहील. विहिरीची पातळी त्याहून वर असेपर्यंत तिच्या पाण्याचं पऱ्याकडे जाणं मंदावतं. पातळी २३ फुटांच्या खाली गेली की ओघ उलटतो आणि पऱ्याचं पाणी विहिरीकडे पाझरू लागतं. तळाच्या वर नऊ फुटांचा आधार मिळाला. पण पऱ्याचा तळ ४० फूट खाली निघाला, तर तिथे बंधारा बांधून खालच्या वाडीला पुण्य मिळेल, तुमच्या विहिरीला थेंबही नाही. मग वरच्या अंगाला जागा शोधा.

बंधारा कुठला? पहिल्या वर्षी गोण्यांचाच, ज्याला वनराई बंधारा म्हणतात. पक्कं काम आधी करू नका; जागा चुकली तर काँक्रीट हलवता येत नाही. परतीचा पाऊस ओसरला आणि भातकापणी आटोपली की लगेच घाला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घाई केलीत तर एका सरीत वाहून जातो, डिसेंबरपर्यंत रेंगाळलात तर निम्मं पाणी आधीच खाडीत गेलेलं असतं. जागा अरुंद, दोन्ही काठ उंच, तळ घट्ट. पऱ्याला शंभर फुटांत दोन फूट उतार असेल तर तीन फुटी बंधाऱ्याची फुगवट, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, दीडशे फूट मागे जाते. ही फुगवट विहिरीच्या समोरपर्यंत पोचेल अशा बेताने जागा खाली-वर करा.

पंधरा फूट रुंदीचा पऱ्या, तीन फूट उंची, तळाला पाच आणि माथ्याला दोन फूट जाडी धरली तर सिमेंटच्या रिकाम्या १६०-१७० गोण्या लागतात. आठ-दहा जणांचं एका सकाळचं काम. गोणी दोन तृतीयांशच भरायची आणि तोंड सुतळीने शिवायचं. ठासून भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, दुसरीला चिकटून बसत नाही आणि मधल्या फटींतून पाणी पळतं. भरण मातीमिश्रित वाळूचं, नुसत्या जांभ्याच्या खड्यांचं नको. आधी तळातली सुटी दगडगोटी आणि पाचोळा काढून घट्ट थर लागेपर्यंत साफ करा. बहुतेक बंधारे वरून फुटत नाहीत, खालून पोखरतात. थर विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडून, दोन्ही टोकं काठात हात-दीड हात आत. पाण्याच्या बाजूला चिकणमातीचा लेप आणि त्यावर गवताच्या पेंढ्या. माथा मधोमध वीतभर खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून सांडेल. माथा सपाट ठेवला की ते कडेने वाट काढतं आणि काठच कापून नेतं. जिथे दगड मुबलक आहे तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रूढ केलेला कोकण विजय बंधारा चालतो: रचलेल्या दगडांच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद. गोण्या जमवायची दगदग वाचते, पण कागदाला टोकदार दगड लागला तर सगळं व्यर्थ, म्हणून दोन्ही बाजूंनी मातीचा थर द्या.

पऱ्यात वरून पाणी दिसत नाही पण वाळूतून वाहतंय, अशी जागा असेल तर गोण्यांचा बंधारा निरुपयोगी. तिथे जमिनीखालचा बांध लागतो. एप्रिल-मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, पात्राला आडवा चर खणायचा, चिकट माती किंवा कातळ लागेपर्यंत. हा थर दहा-बारा फुटांच्या आत नसेल तर खर्च परवडत नाही. चराच्या खालच्या अंगाच्या भिंतीवर ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद उभा लावा, त्याचं खालचं टोक फूटभर चिकट मातीत गाडा, दोन्ही टोकं काठात तीन फूट घुसवा. मग अर्ध्या अर्ध्या फुटाचे मातीचे थर देऊन धुम्मसने ठोकत वर या. माथा पात्राच्या तळापेक्षा दोन फूट खालीच थांबवा. वरपर्यंत आणलात तर शेजारच्या जमिनीत दलदल होते. पाच फुटांपेक्षा खोल चरात फळ्यांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. वाळूमिश्रित भिंत ढासळताना आवाजही करत नाही.

समुद्राकाठच्या किंवा खाडीकाठच्या गावातून कुणी हे वाचत असेल तर त्यांचं गणित निराळं आहे. तिथे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं पाणी हिशोबाने चाळीस फूट वर सरकू शकतं. तिथे खोल जाणं आणि मोठा पंप लावणं दोन्ही घातक. उथळ विहीर, छोटा पंप, थोडा थोडा उपसा.

एवढं करूनही उतारच असा असेल की काही अडवता येत नाही, तर प्रश्न आणखी एकदा फिरवून बघा: कोणत्या कामाला कोणतं पाणी? पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर पाच माणसांना शंभर दिवसांना पाच हजार लिटर लागतात. एवढंच पाणी टँकरने विकत घेताना जीव टांगणीला लागतो, आणि ते सहाशे चौरस फुटांच्या छपरावर साडेतीन-चार इंच पावसात पडतं. टाकी जूनमध्ये भरू नका, तेव्हा कौलांवर वर्षाची धूळ आणि शेवाळ असतं. गणपतीच्या सुमारास, छप्पर धुऊन निघाल्यावर भरा. पन्हळीच्या तोंडाला जाळी, पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बाहेर सोडा. टाकी झाकलेली आणि काळोखी हवी, उजेड मिळाला की शेवाळ धरतं. मोरीचं पाणी माडांना, आळ्यात नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) पुरून वर पाचोळा. मग विहिरीवर उरतं फक्त अंघोळ-धुण्याचं ओझं.

शोषखड्डे अगदीच टाकाऊ नाहीत. विहीर जुलैतही पुरती भरत नसेल, तर ते करावेत. तेही विहिरीला लागून नव्हे, वर सड्याच्या कडेला. तिथून जिरलेल्या पाण्याला विहिरीपर्यंत यायला वेळ लागतो आणि तेवढं ते उशिरापर्यंत पुरतं. छपराचं पाणी थेट विहिरीत मात्र सोडू नका. संडासाची टाकीही विहिरीच्या वरच्या अंगाला नको. जांभा पाणी गाळत नाही, नुसतं पुढे ढकलतो.

गोण्या मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात काढाच. राहिल्या तर पहिल्या लोंढ्यात बंधारा काठ घेऊन जातो आणि फाटलेलं प्लॅस्टिक खाडीत. उन्हाने विरलेल्या गोण्या दुसऱ्या वर्षी चालत नाहीत, तेव्हा नव्या दिवाळीपूर्वीच सांगून ठेवा. आणि बंधारा जिथे होता तिथे काठावरच्या दगडाला रंगाची खूण करून ठेवा. पावसाळ्यानंतर पात्र इतकं बदललेलं असतं की ती जागा ओळखू येत नाही.